डॉली पार्टननं एल्विसला गाणं का नाकारलं, आणि त्यात आपल्या कामाचं काय आहे

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेची गायिका आणि गीतकार डॉली पार्टननं एल्विस प्रेस्लीला आपलं गाणं द्यायला नकार दिला हे खरंच घडलं होतं का, आणि घडलं असेल तर त्यात शहाणपणा होता की नुसता ताठा? विचारणारा स्वतः गाणी लिहितो, एका कंपनीनं त्याच्यापुढे करार ठेवलाय, आणि डॉली म्हटलं की त्याला फक्त तो सोनेरी विग आणि चमचमणारे कपडे आठवतात. मी मुंबईत म्युझिक पब्लिशिंगमध्ये काम करतो, म्हणजे कुणाच्या गाण्याचे पैसे कुठून यायला हवेत आणि वाटेत कुठे अडकतात हे बघणं हाच आमचा धंदा, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

तर हो, घडलं होतं. डॉलीनं स्वतः कितीतरी मुलाखतींत सांगितलंय. १९७४ मध्ये तिचं 'आय विल ऑलवेज लव्ह यू' कंट्रीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या ग्रामीण ढंगाच्या संगीताच्या, चार्टवर एक नंबरला गेलं, एल्विसला ते आवडलं, त्याला ते गायचं होतं, आणि डॉलीचे पाय जमिनीवर नव्हते. मग रेकॉर्डिंगच्या तोंडावर एल्विसचा मॅनेजर कर्नल टॉम पार्कर म्हणतो की आमच्याकडे पद्धत आहे, एल्विस जे गाणं गाईल त्याचं निम्मं पब्लिशिंग, म्हणजे गाण्याच्या हक्कांतला पब्लिशरचा निम्मा वाटा, आमचं. ती नाही म्हणाली. रात्रभर रडले असंही ती सांगते, आणि आजूबाजूचे सगळे तेव्हा तिला वेड्यात काढत होते.

इथे लोक हमखास एक गोष्ट उलटी सांगतात, की तिनं 'परवानगी नाकारली'. तसं नाहीये. अमेरिकेच्या कायद्यात एकदा का गाण्याची पहिली रेकॉर्ड बाजारात आली की नंतर कुणीही ते गाणं रेकॉर्ड करू शकतं, गीतकाराला विचारावं लागत नाही, ठरलेला दर भरला की झालं. आणि हा दर १९०९ च्या कायद्यानं एका कॉपीमागे २ सेंट ठरवलेला, तो पार १९७८ पर्यंत तसाच होता. म्हणजे एल्विसला ते गायचंच असतं तर डॉली त्याला अडवूच शकत नव्हती. पार्करला परवानगी नको होती, त्याला वाटा हवा होता, आणि वाटा मिळत नसेल तर आमचा माणूस हे गाणं गाणार नाही हा त्याचा दबाव होता. नवीन पोरं या दबावाखाली लगेच सही करतात, तेव्हाही करायची, आजही करतात.

जरा आकडेमोड करून बघू. समजा एल्विसच्या रेकॉर्डच्या १० लाख कॉपी खपल्या असत्या, तर २ सेंटनं झाले २० हजार डॉलर. त्यातले निम्मे लिहिणाऱ्याचे आणि निम्मे पब्लिशरचे अशी सर्वसाधारण रीत. पार्करला पब्लिशरच्या १० हजारांतले निम्मे हवे होते, म्हणजे ५ हजार डॉलर. रेडिओचे पैसे वेगळे, पण त्या दिवशी टेबलावरचा आकडा साधारण या घरातला. बदल्यात एल्विसचा आवाज! कुणीही म्हणेल, दे की बाई ५ हजार. पण तो वाटा एल्विसच्या रेकॉर्डपुरता नव्हता, तो गाण्यावर होता, म्हणजे पुढे कुणीही कधीही कुठेही ते गायलं तरी त्यातला हिस्सा पार्करच्या घरी जाणार. डॉलीचं तेव्हा वय होतं २८. एवढ्या वयात हे तिला दिसत होतं, आणि ते कसं दिसलं ते कळायला जरा मागे जावं लागेल.

जन्म १९ जानेवारी १९४६, टेनेसी राज्यातली सेव्हियर काउंटी, स्मोकी माउंटन्सच्या डोंगरातलं घर, १२ भावंडांत चौथी. जन्माच्या वेळी डॉक्टरची फी म्हणून बापानं मक्याच्या पिठाची गोणी दिली होती. बापाला लिहिता-वाचता येत नव्हतं पण व्यवहारात तो पक्का, आणि डॉली कायम सांगते की धंद्याचं डोकं आपल्याला त्याच्याकडून आलं. आईच्या घरी सगळे गाणारे, आजोबा चर्चमध्ये प्रवचन करणारे. मामा बिल ओवेन्स स्वतः गाणी लिहायचा, त्यानं भाचीतलं काय ते ओळखलं आणि तिला घेऊन नॉक्सव्हिलच्या रेडिओ-टीव्हीवर, मग कंट्री संगीताचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलला खेटे घातले. १३ व्या वर्षी ती ग्रँड ओल ऑप्री या नॅशव्हिलच्या नावाजलेल्या कंट्री रेडिओ कार्यक्रमाच्या स्टेजवर उभी होती, ओळख करून द्यायला कंट्रीचा बडा गायक जॉनी कॅश. १९६४ मध्ये हायस्कूल संपलं आणि दुसऱ्याच दिवशी तिनं नॅशव्हिलची बस पकडली.

पहिल्याच दिवशी कपडे धुवायला लाँड्रोमॅटमध्ये गेली तर बाहेर कार्ल डीन भेटला, दोन वर्षांनी त्याच्याशीच लग्न. रेकॉर्ड कंपनीच्या मालकाचं म्हणणं होतं की इतक्यात लग्न नको, करिअरला मारक ठरेल, तर हे दोघं शेजारच्या जॉर्जिया राज्यातल्या रिंगगोल्डला जाऊन गुपचूप लग्न करून आले, म्हणजे नॅशव्हिलच्या पेपरात यायला नको. कार्लचा डांबरीकरणाचा धंदा. बायकोबरोबर एका पुरस्कार सोहळ्याला गेला आणि घरी आल्यावर म्हणाला की तुला काय करायचंय ते कर, मला परत असल्या ठिकाणी नेऊ नकोस. जवळपास ५९ वर्षं संसार झाला, २०२५ च्या मार्चमध्ये तो गेला, आणि या सगळ्या काळात लोकांना तो फारसा दिसलाच नाही.

आता कामाची गोष्ट. मॉन्युमेंट या रेकॉर्ड कंपनीनं तिला आधी गुळगुळीत पॉप गाणी गायला लावली, तुझा आवाज कंट्रीसाठी फार बारीक आहे म्हणून, आणि ती काही चालली नाहीत. पण मामा-भाचीनं लिहिलेलं एक गाणं १९६६ मध्ये बिल फिलिप्स नावाच्या गायकानं गायलं आणि ते कंट्रीच्या पहिल्या दहात गेलं. म्हणजे गायिका म्हणून नाव व्हायच्या आधी गीतकार म्हणून चेक आला. माझ्या मते तिच्या डोक्यात तिथेच पक्कं बसलं की गाणारा बदलतो, गाणं राहतं. त्याच सुमाराला दोघांनी स्वतःची पब्लिशिंग कंपनी काढली, ओवेन्समधलं ओव आणि पार्टनमधलं पार जोडून नाव ओव-पार. विशीतली डोंगरातली मुलगी आणि तिचा मामा, आणि कंपनी कसली तर गाण्यांच्या हक्कांची. ज्या काळात नॅशव्हिलमध्ये लोक ५० डॉलरला अख्खं गाणं विकून घरभाडं भरत होते त्या काळातली ही गोष्ट आहे.

१९६७ मध्ये पोर्टर वॅगनरनं तिला आपल्या टीव्ही शोमध्ये घेतलं. तो तेव्हाचा मोठा स्टार, त्याच्या शोमध्ये आधी नॉर्मा जीन नावाची गायिका होती आणि प्रेक्षक डॉली स्टेजवर आली की नॉर्मा जीनच्या नावानं ओरडायचे. पोर्टरनं साथ सोडली नाही. आरसीए या रेकॉर्ड कंपनीचे लोक तिच्या आवाजाबद्दल साशंक होते, तर तो म्हणाला की नुकसान झालं तर माझ्या पैशातून कापा. हे त्याचं देणं आहेच. पण त्याच माणसाला पुढे असंही वाटायला लागलं की ही आपली आहे, आपण घडवलीय, आपल्या शोपुरतीच राहावी. पाच वर्षांचं ठरलेलं, सात झाली, रोजची भांडणं. शेवटी ती सांगते की हा माणूस बोलून ऐकणारच नव्हता, म्हणून मी घरी जाऊन गाणं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात त्याच्यासमोर बसून गायलं. तो रडला, आणि म्हणाला जा, पण या गाण्याची रेकॉर्ड मी प्रोड्यूस करणार. ते हेच 'आय विल ऑलवेज लव्ह यू', ज्याला सगळं जग प्रियकराचा निरोप समजतं. मुळात तो एका कर्मचाऱ्याचा राजीनामा आहे!

(पुढे १९७९ मध्ये पोर्टरनं तिच्यावर ३० लाख डॉलरचा दावा ठोकला, कोर्टाबाहेर मिटला. तरी २००७ मध्ये तो शेवटच्या आजारात होता तेव्हा ती भेटायला गेली होती. या बाईला डूख धरता येत नाही बहुतेक.)

त्या काळातली दोन गाणी मी शिकवताना नेहमी घेतो. एक 'कोट ऑफ मेनी कलर्स', आईनं चिंध्या जोडून शिवलेला कोट, मुलगी अभिमानानं शाळेत घालून जाते आणि पोरं हसतात. टूर बसमध्ये सुचलं तेव्हा हाताशी कागद नव्हता, तर पोर्टरच्या ड्रायक्लिन केलेल्या सुटांच्या पावत्यांच्या मागे लिहिलं. दुसरं 'जोलीन'. गिटार असेल तर चौथ्या फ्रेटवर कॅपो लावा आणि ए मायनर, सी, जी, परत ए मायनर वाजवा, जवळपास अख्खं गाणं त्यात निघतं. आणि शब्द बघा. बायको नवऱ्याच्या मागे लागलेल्या दुसऱ्या बाईशी बोलतेय, पण एक शिवी नाही, एक धमकी नाही, उलट तिचे केस, तिचा रंग, तिचे डोळे, तिचं हसणं यांचं कौतुक करतेय, आणि फक्त विनवतेय की तुला शक्य आहे म्हणून तू त्याला नेऊ नकोस. नवरा गाण्यात नुसता झोपेत बरळण्यापुरता आहे. धृपदात ते नाव परत परत येतं, आणि शेवटी काय झालं ते सांगतच नाही. नाव एका लाल केसांच्या लहान मुलीचं होतं, सही घ्यायला आली होती, आणि प्रसंग बँकेतल्या एका कर्मचारी बाईवरून सुचला जी कार्लशी जरा जास्तच गोड बोलायची. इतक्या क्षुल्लक मालातून तिनं काय उभं केलंय ते बघा. (४५ ची रेकॉर्ड ३३ च्या स्पीडवर लावलेली यूट्यूबवर मिळते, कुणीतरी पुरुष दुःखात गातोय असं वाटतं, नक्की ऐका.)

मग १९७७. पोर्टरपासून सुटल्यावर तिला पॉपमध्ये जायचं होतं, लपवलं नाही, जास्त लोक जास्त पैसे, सरळ हिशोब. 'हिअर यू कम अगेन' हे गाणं तिचं नाही, बॅरी मान आणि सिंथिया वाइल या न्यूयॉर्कच्या जोडीचं, आणि ते पॉप चार्टवर तीन नंबरपर्यंत गेलं. कंट्रीवाले चिडले, ही आता आपली राहिली नाही. पण ती रेकॉर्ड नीट ऐका, मागे स्टील गिटार आहे, कंट्रीची खास खूण. डॉलीनं ती निर्मात्याच्या मागे लागून घालून घेतलेली आहे, का तर कुणी म्हणालंच तर दाखवता यावं की बघा, यात स्टील आहे. यातनं ती किती लांबचा विचार करते ते कळतं. लोकांना वाटतं विग घातलेली बाई हसतेय, आणि ती हसता हसता मागचं दार उघडं ठेवून आलेली असते.

१९८० मध्ये 'नाइन टू फाइव्ह' सिनेमा, जेन फोंडा आणि लिली टॉमलिनबरोबर. बॉस्टनमध्ये ऑफिसात काम करणाऱ्या बायकांची त्याच नावाची एक संघटना होती, तिच्यावरून फोंडाला कल्पना सुचली होती. डॉलीची अट एकच, शीर्षकगीत मी लिहिणार. पहिलाच सिनेमा, कसा बनतो माहीत नाही, तर तिनं स्वतःचेच नाही तर सगळ्यांचे डायलॉग पाठ केले, तिला वाटलं नाटकासारखं सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग शूट करतात. सेटवर बसायला खूप वेळ, हातात गिटार नाही, तर लांब अ‍ॅक्रिलिक नखं एकमेकांवर घासून तिनं ताल धरला. तो आवाज टाइपरायटरसारखा येतो, आणि गाणं टाइपिस्ट बायकांचं! रेकॉर्डिंगमध्येही ती नखं वाजवलीत. १९८१ मध्ये ते पॉप चार्टवर एक नंबर झालं, दोन ग्रॅमी, ऑस्करचं नामांकन. हे मात्र शब्द-सूर सगळं तिचं. १९८३ मध्ये केनी रॉजर्सबरोबरचं 'आयलंड्स इन द स्ट्रीम', तेही एक नंबर, ते बी जीज या बँडनं लिहिलेलं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत हे सगळं ओसरलं. आरसीएनं करार वाढवला नाही, १९८७ चा टीव्ही शो एका सीझनमध्ये बंद पडला. पण १९८६ मध्येच तिनं पिजन फोर्जला, म्हणजे आपल्याच काउंटीत, आधीच चालू असलेल्या एका थीम पार्कमध्ये भागीदारी घेऊन त्याचं डॉलीवूड केलं. वकिलांनी नको म्हणून सांगितलेलं असं ती सांगते. आज त्या भागातल्या लोकांना रोजगार देणाऱ्या मोठ्या ठिकाणांपैकी ते एक आहे.

आणि १९९२. व्हिटनी ह्यूस्टनचा 'द बॉडीगार्ड' सिनेमा, त्यात तिनं 'आय विल ऑलवेज लव्ह यू' गायलं. गाणं सुचवलं सिनेमाचा नायक केव्हिन कॉस्टनरनं, आणि संगीत निर्माता डेव्हिड फॉस्टर ज्यावरून काम करत होता ती लिंडा रॉनस्टॅटची १९७५ ची रेकॉर्ड, जिच्यात शेवटचं कडवं नव्हतं. फॉस्टर सांगतो की ते कडवं आहे हे त्याला डॉलीकडूनच फोनवर कळलं. डॉलीनं व्हिटनीचं गाणं पहिल्यांदा गाडीत रेडिओवर ऐकलं, आणि अपघात होता होता राहिला म्हणे. १४ आठवडे एक नंबर. साउंडट्रॅक जगभरात ४ कोटींच्या वर खपला, आणि तोपर्यंत कॉपीमागचा दर २ सेंटवरून ६ सेंटच्या पुढे गेला होता. शिवाय अमेरिकेत एफएम रेडिओवर गाणं वाजलं की पैसे लिहिणाऱ्याला आणि पब्लिशरला मिळतात, गाणाऱ्याला नाही. म्हणजे व्हिटनीचा आवाज दिवसभर वाजत होता आणि रेडिओचा चेक डॉलीकडे. बीएमआयसारख्या संस्था तो गोळा करतात. लिहिणाराही डॉली, पब्लिशरही डॉलीचीच कंपनी, त्यामुळे दोन्ही खिसे एकाच झग्याचे. १९७४ ला सही केली असती तर यातला पब्लिशरचा निम्मा वाटा परस्पर गेला असता. त्या पैशातून तिनं नॅशव्हिलमध्ये कृष्णवर्णीयांच्या वस्तीत एक व्यापारी इमारत घेतली, व्हिटनीमुळे तिथेच घ्यावीशी वाटली म्हणाली.

हे पैसे असल्यामुळेच पुढचं स्वातंत्र्य आलं असं माझं स्पष्ट मत आहे. नव्वदच्या दशकात कंट्री रेडिओनं चाळिशी ओलांडलेल्यांना वाजवणं बंद केलं, तर ती छोट्या कंपनीकडे जाऊन ब्लूग्रास, म्हणजे तंतुवाद्यांवरचा कंट्रीचा जुना बाज, गायला लागली, १९९९ चा 'द ग्रास इज ब्लू' ऐका, ड्रम नाहीत, चकचकाट नाही, फिडल, बँजो, मँडोलिन असली वाद्यं आणि तो आवाज. त्यावर ग्रॅमी मिळालं. १९९५ मध्ये बापाच्या निरक्षरपणाची आठवण ठेवून लहान मुलांना दर महिन्याला घरपोच फुकट पुस्तक पाठवायची योजना सुरू केली, आधी फक्त आपल्या काउंटीत, आता पाच देशांत, आणि पुस्तकांचा आकडा २० कोटींच्या पुढे गेलाय. २०२० मध्ये कोविड संशोधनाला १० लाख डॉलर दिले, ते मॉडर्नाच्या लसीच्या कामालाही लागले. २०२२ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनं नामांकन दिलं तर आधी म्हणाली माझं नाव काढा, मी रॉक कुठे गायलेय, त्यांनी तरी निवडलं, तर पुढच्या वर्षी ७७ व्या वर्षी रॉकचा अल्बम काढून मोकळी.

आता तुमचा करार. आपल्याकडे सिनेमाच्या गाण्यात लिहिणाऱ्याला एकरकमी मानधन देऊन मोकळं करायची जुनी रीत, १९७७ चा सुप्रीम कोर्टाचा निकालही निर्मात्याच्या बाजूचा. साठच्या दशकात लताबाईंनी गायकांसाठी रॉयल्टीचा आग्रह धरला तर त्यावरून रफीसाहेबांशी काही वर्षं एकत्र गाणं बंद होतं, इतका तो विषय नाजूक. २०१२ मध्ये कायदा बदलला, जावेद अख्तर राज्यसभेत असताना, आणि आता गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा स्वतःचा वाटा लिहून देताच येत नाही, फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. म्हणजे करारात 'सर्व रॉयल्टी सोडून देत आहे' असं वाक्य असेल तर ते कायद्यात टिकत नाही, पण तरी लोक ते घालतात आणि तुम्हाला माहीत नसेल तर तुम्ही कधी मागतही नाही. आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या सोसायटीचं सभासदत्व घेतलं नसेल तर आधी ते घ्या. मग करारात तीन जागा बघा: हक्क किती वर्षांसाठी, कुठल्या कुठल्या देशांसाठी आणि कुठल्या वापरासाठी. 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जग' एकत्र दिसले तर मुदत खाली आणायला सांगा, सात-दहा वर्षं मागायला काहीच हरकत नाही. कंपनी नाही म्हणाली तर फक्त एकाच गाण्याचा करार करून बघा, पुढची सगळी गाणी त्यात बांधून देऊ नका. आणि सही करायच्या आधी ज्याला हे कळतं अशा वकिलाला दाखवा, नेहमीचा घरच्या व्यवहाराचा वकील नको.

ऐकायला कुठून सुरुवात करू असं विचारलंत तर हिट्सचं कलेक्शन नको. १९७१ चा 'कोट ऑफ मेनी कलर्स' अल्बम पूर्ण ऐका, अर्ध्या तासाच्या आतला आहे, मग लगेच १९७४ मधलं तिच्या आवाजातलं 'आय विल ऑलवेज लव्ह यू', व्हिटनीचं डोक्यातून काढून.